हीथ्रोची तिसरी धावपट्टी

ब्रिटनच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी जानेवारी २०२५ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीला पाठिंबा दिला, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. आम्ही हाउन्स्लोत, विमानांच्या वाटेखालीच राहतो. साताऱ्याला आईशी फोनवर बोलताना विमान जाईपर्यंत वाक्य अर्ध्यावर सोडावे लागते. उन्हाळ्यातही खिडक्या बंद. धावपट्टी झाली तर शेजारच्या हार्मंड्सवर्थमधली शेकडो घरे पाडली जातील.

२०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे (हवेत जितके हरितगृह वायू सोडू तितके शोषून घेण्याचे) बंधन याच देशाने २०१९ मध्ये कायद्याने स्वतःवर घालून घेतले. पंतप्रधान स्टार्मर यांनी तर २०१८ मध्ये संसदेत या प्रकल्पाविरुद्ध मत दिले होते. मग आता काय बदलले? अर्थव्यवस्था मंदावली आहे, मान्य. पण धावपट्टी उभी राहायला कित्येक वर्षे जाणार; आजची मंदगती तिने कशी हटणार? बर्मिंगहॅम-मँचेस्टर वेगवान रेल्वे आधीच्या सरकारने २०२३ मध्ये रद्द केली. वाढच हवी असेल तर आधी तो मार्ग पुन्हा हाती घ्या. गावी जायला आम्हालाही विमान लागते, पण त्यासाठी आहेत त्या दोन धावपट्ट्या पुरेशा आहेत.

– एक वाचक, हाउन्स्लो (लंडन)