रडक्या पानांनाही सदरात जागा द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत ब्रिजचे सदर सुरू झाले तेव्हा नाशिकच्या आमच्या मंडळात फार आनंद झाला. या खेळाला मराठी वृत्तपत्रात नियमित जागा मिळणे ही लहान गोष्ट नाही. सदर लिहिणाऱ्यांचा अभ्यास दांडगा आहे आणि ते सोपे करून सांगतात. तरी एक तक्रार मनात साचली आहे, ती मोकळेपणाने लिहिते. सदरातला जवळजवळ प्रत्येक डाव भारी पानांचा असतो. 6 इस्पिक, 7 बिनहुकूम अशा बोली (आकडा म्हणजे सहाच्या वर जिंकायचे हात; हात म्हणजे चौघांची चार पाने पडून होणारी एक फेरी), आणि स्क्वीझ, एंडप्ले अशा खेळातल्या युक्त्या. एका बाजूला एक्के-राजे ओसंडून वाहतात आणि दुसऱ्या बाजूचे दोघे पास, पास करत बसलेले असतात. त्या पास करणाऱ्यांनी काय करायला हवे होते, यावर एक ओळही येत नाही.

खेळायला बसणारे बहुतेक वेळा त्या दुसऱ्या बाजूचेच असतात. एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1 असे धरले तर पूर्ण जोडात 40 पॉइंट होतात, चौघांत वाटले तर सरासरी 10. अर्ध्याहून जास्त वेळा हातात 10 किंवा त्याहून कमीच पॉइंट येतात. मग शिकवायचे ते या पानांचे. स्लॅमची, म्हणजे बारा-तेरा हातांच्या बोलीची, पाने येतील तेव्हा येतील.

निवृत्तीनंतर मी आमच्या वसाहतीच्या सभागृहात शनिवारी नवशिक्यांना ब्रिज शिकवते. त्यांची एक सवय मोडताना माझी दमछाक होते. पाने उचलायची, पॉइंट मोजायचे आणि रंगवार लावायच्या आधीच बिडिंग बॉक्समधल्या (बोलीच्या कार्डांच्या पेटीतल्या) हिरव्या पासकडे हात न्यायचा. ‘काकू, तीनच पॉइंट आहेत,’ असे सांगताना चेहरा असा, की आता या डावाशी आपला काही संबंध नाही. मी म्हणते, पॉइंट मोजलेस, पण पाने पाहिलीस का?

मी वर्गात नेहमी मांडते तो डाव असा. पार्टनरने 1 इस्पिक उघडले. तुमच्या उजवीकडच्याने 2 बदाम म्हटले. तुमच्याकडे इस्पिक राणी-8-7-4, बदामाची एकटी पंजी, चौकट गुलाम-8-6-3-2, किलवर 9-6-4. मोजून तीन पॉइंट. वर्गातले निम्मे लोक पास करतात, धीट असतील ते 2 इस्पिक म्हणतात. माझे उत्तर 3 इस्पिक, तेही तत्काळ, डगमगून नव्हे.

का ते सांगते. पार्टनरची पाच इस्पिके आणि तुमची चार मिळून नऊ हुकूम झाले. नऊ हुकूम म्हणजे नऊ हातांपर्यंत बोलायला हरकत नाही, हा ढोबळ नियम. त्यामागचा विचार ज्याँ-रने व्हर्न या फ्रेंच खेळाडूने 1969 साली ‘ब्रिज वर्ल्ड’ मासिकात मांडला: दोन्ही बाजूंच्या उत्तम रंगांतले हुकूम मोजले, तर दोन्ही बाजू आपापल्या रंगात जितके हात करतील त्यांची बेरीज साधारण तेवढीच येते. पुढे अमेरिकेचे लॅरी कोहेन यांनी तो घरोघरी पोहोचवला. नियम दर वेळी तंतोतंत जुळतो असे नाही. समोरच्यांच्या रंगात तुमच्या राण्या-गुलाम अडकले असतील तर एखादा हात इकडेतिकडे होतो. पण तीन पॉइंटवाल्याच्या हाती त्याने एक भक्कम आधार दिला.

आता बाकीची पाने पाहा. पार्टनरकडे इस्पिक राजा-गुलाम-10-6-3, बदाम 8-7-4, चौकट एक्का-5, किलवर एक्का-राणी-7. उजवीकडच्याकडे इस्पिक 9-5, बदाम एक्का-राजा-गुलाम-9-6-3, चौकट राजा-4, किलवर गुलाम-8-3. डावीकडच्याकडे उरलेले: इस्पिक एक्का-2, बदाम राणी-10-2, चौकट राणी-10-9-7, किलवर राजा-10-5-2. इस्पिकमध्ये आपण हुकमाचा एक्का, एक बदाम, एक चौकट आणि एक किलवर असे चार हात देतो, नऊ होतात. दोन बदाम तुमच्या पानांत कापले जातात, ती कमाई त्या एकट्या पंजीची. किलवरचा राजा डावीकडे असल्याने राणीची फिनेस (राजा चुकवून राणीनेच हात काढणे) बसते. बदाममध्ये तेही चारच हात देतात, म्हणजे त्यांचेही नऊ. हुकूम नऊ अधिक नऊ, हात नऊ अधिक नऊ.

तुम्ही पास केलात तर डावीकडचा त्याच्या अकरा पॉइंटांवर निवांत 3 बदाम म्हणतो आणि 140 गुण घेऊन जातो. तुम्ही आधीच 3 इस्पिक म्हटलेत तर त्याला 4 बदामांवर जाऊन एक हात बुडायचे, की पास करून तुम्हाला 140 द्यायचे, हे एकट्याने ठरवावे लागते. टीम सामन्यात तीच पाने दोन टेबलांवर खेळतात; एका टेबलावर असे आणि दुसऱ्यावर तसे झाले, तर 280 चा फरक म्हणजे 7 आयएमपी, अर्थात सामन्याचे गुण. तीन पॉइंटांची पाने सामना फिरवतात, ती अशी.

मात्र हे 3 इस्पिक कमजोर पानांचेच आहे, असे पार्टनरशी आधी ठरलेले हवे. पाठिंबा आणि पॉइंट दोन्ही असतील तेव्हा समोरच्यांचाच रंग, म्हणजे इथे 3 बदाम, बोलायचा. हा करार नसेल तर पार्टनर तुमच्याकडे अकरा पॉइंट धरून गेमला, म्हणजे 4 इस्पिकवर, जाईल आणि दोष कोणाचा यावर चहा थंड होईपर्यंत वाद चालेल.

दुसरी अट जास्त अवघड. एकदा बोललात की संपले. डावीकडच्याने 4 बदाम म्हटले, ते फिरून तुमच्यापर्यंत आले, की हात शिवशिवतात. 4 इस्पिक म्हणावेसे वाटते. म्हणू नका. जे होते ते सगळे 3 इस्पिकमध्ये सांगून झाले आहे. डबल करायचे (ते बुडतील असे म्हणून दंड वाढवायचा) की पुढे जायचे, हे आता पार्टनर ठरवेल. याच डावात 4 इस्पिक डबल म्हणजे उणे 100, किंवा व्हल्नरेबल असलो (म्हणजे त्या डावात दंड आणि बक्षीस वाढलेले असले) तर 200, आणि 4 बदाम त्यांच्या गळ्यात राहू दिले तर आपल्याला 50 किंवा 100. आमचे मामंजी, त्यांच्याकडूनच मी हा खेळ शिकले, म्हणायचे, ‘सूनबाई, वाईट पानं असली की लवकर बोल आणि मग गप्प बस.’ रेल्वेत असलेल्या माणसाला वेळेची किंमत ठाऊक होती.

याच्या उलट, अजिबात पॉइंट नसताना बोलावेच लागते अशीही जागा आहे, आणि तिथे नवशिके हटकून गप्प बसतात. डावीकडून 1 बदाम, पार्टनरचा टेकआउट डबल (‘तुझा रंग बोल’ असे सांगणारा), उजवीकडून पास, आणि तुमच्याकडे इस्पिक 9-6-5-3, बदाम 8-7-4, चौकट 8-5-3-2, किलवर 6-2. नऊच्या वर एकही पान नाही. अशा पानांना यारबरो म्हणतात. या नावाचे एक इंग्लिश सरदार अशी पाने येणार नाहीत यावर हजारास एक अशी पैज लावत, आणि खरे प्रमाण 1827 ला एक असल्याने ती पैज त्यांच्या फायद्याची होती. ही पाने आली तरी 1 इस्पिक म्हणायचेच. पास केलात तर ते 1 बदाम डबल खेळतील. सात हातांना 160, आणि वरच्या प्रत्येक हाताला 100, व्हल्नरेबल असतील तर 200. उजवीकडच्याने पास न करता 2 बदाम म्हटले असते तर तुम्ही सुटलात. मग खुशाल पास करा.

तिसरी जागा मला सगळ्यांत आवडते. उजवीकडून 1 बदाम, तुमचा पास, डावीकडून 2 बदाम, मग पास, पास, आणि निर्णय तुमच्याकडे. हातात सातच पॉइंट आणि पाच इस्पिके. समोरचे दोनवरच थांबले, म्हणजे त्यांच्याकडे वीस-बावीसच्या वर असण्याची शक्यता कमी. 40 मधून ते वजा करा, तुमचे सात वजा करा: पार्टनरकडे अकरा ते तेरा पॉइंट आहेत, फक्त बोलायला योग्य आकार नव्हता. 2 इस्पिक म्हणा. पार्टनरने मात्र नंतर उत्साहाने 3 इस्पिक करू नये, कारण त्याचे पॉइंट तुम्ही आधीच खर्च केलेत. जोड्यांच्या स्पर्धेत त्यांना 110 देण्यापेक्षा एक हात बुडून 50 किंवा 100 देणे बरे. व्हल्नरेबल असताना दोन हात बुडून 200 देणे मात्र फार महागात पडते, म्हणून टेबलावरच्या बोर्डाचा लाल रंग बोलण्याआधी पाहायचा.

ही विचार करण्याची जागा आहे खरी, पण मिनिटभर कपाळाला आठ्या घालून मग पास करणे पार्टनरवर अन्याय आहे. तुमच्याकडे काहीतरी आहे हे त्याला कळते, आणि ब्रिजच्या कायद्याच्या 16व्या कलमानुसार त्या माहितीचा उपयोग करायला त्याला मनाई आहे. क्लबांमध्ये यावर हवे तितके लक्ष दिले जात नाही. सदरातून ते आग्रहाने मांडले जावे.

2018 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचे सुवर्णपदक आणले. मिश्र संघाच्या कांस्यपदकात मुंबईच्या हेमा देवरा होत्या. तेव्हा विजेत्यांची साठ आणि छप्पन ही वये सगळीकडे छापून आली, पत्ते म्हणजे जुगार का यावरही पुष्कळ लिहिले गेले. पण या मंडळींनी टेबलावर कोणत्या पानांवर काय बोली केली, हे मराठीत माझ्या तरी वाचनात आले नाही. शिकणाऱ्याला हवे असते ते हेच.

म्हणून विनंती अशी, की महिन्यातून किमान एक रविवार सात किंवा त्याहून कमी पॉइंटांच्या पानांना द्यावा. डावासोबत पाने कोणी वाटली, व्हल्नरेबल कोण आणि बोलीचा संपूर्ण क्रम, पाससकट, छापावा. सध्या जागेअभावी बोली ‘1 इस्पिक … 4 इस्पिक’ अशी तोडलेली दिसते. मधले पास गेले की कमजोर पानांचा निर्णय बरोबर होता का, हे वाचकाला ठरवताच येत नाही. उत्तर त्याच अंकात उलटे छापण्याऐवजी पुढच्या रविवारी दिलेत तर आमच्या वर्गात आठवडाभर चर्चा होईल. शनिवारच्या टेबलांवरचे असे डाव मी वहीत उतरवून ठेवते. सदर लिहिणाऱ्यांना उपयोग होणार असेल तर चौघांची पाने आणि बोलीसह पाठवायला मला आनंद वाटेल.

आपली नम्र,
एक ब्रिजप्रेमी वाचक, नाशिक