कमी पडणारा पैसा नगरपालिका घालते तेव्हा

सिएटल

ती. आण्णाकाकांस,

सा. न. वि. वि.

तुमचा मेल वाचला. निवृत्त झालात तरी लेखा विभाग तुमच्यातून गेलेला नाही. “तुमच्याकडची नगरपालिका गरिबांच्या घरांना कोट्यवधी डॉलर देते म्हणतेस, तर ते कुणाला देते, काय बघून देते, आणि मध्ये कोण खातं?” शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी. आधी पहिले दोन.

इथे पैसा माणसाला मिळत नाही, इमारतीला मिळतो. आपल्या घरकुलात लाभार्थी आधी ठरतो आणि हप्ते त्याच्या खात्यात पडतात. इथे आमच्यासारखी ना-नफा संस्था किंवा एखादा बिल्डर आधी अर्ज करतो, इमारत उभी राहते, मग उत्पन्न तपासून भाडेकरू घेतात. घरं बहुतेक भाड्याचीच. त्या भागातल्या कुटुंबांचं मधलं उत्पन्न काढतात (सिएटलमध्ये चार माणसांच्या घराला ते दीड लाख डॉलरच्या आसपास जातं) आणि त्याच्या 30, 50, 60 किंवा 80 टक्क्यांवर रेघा मारतात. कुठलं घर कुठल्या रेघेखालच्या माणसाला, हे करारात बांधलेलं असतं. भाडं त्या रेघेच्या उत्पन्नाच्या 30 टक्क्यांच्या आत. त्यात वीज-पाण्याचा खर्चही धरतात.

आता गणित बघा, तुम्हाला आवडेल. समजा 100 घरांची इमारत आहे आणि खर्च 4 कोटी डॉलर. (आकडे सोयीसाठी धरलेत, पण प्रमाण इथल्यासारखंच आहे.) भाडं इतकं कमी की त्यातून फेडता येईल असं बँकेचं कर्ज मिळतं जेमतेम 80 लाखांचं. मग केंद्राचं टॅक्स क्रेडिट. 1986 च्या कर कायद्यात ही सोय झाली. सरकार पैसे देत नाही, 10 वर्षं कर माफ करते. ती माफी आम्ही बँकांना किंवा मोठ्या कंपन्यांना विकतो आणि रोख रक्कम आजच हातात घेतो. त्यातून आले समजा 1 कोटी 30 लाख. झाले 2 कोटी 10 लाख. उरलेल्या 1 कोटी 90 लाखांचं काय? तो खड्डा राज्याच्या निधीतून, जिल्ह्याकडून आणि शहराकडून भरायचा: राज्य 60 लाख, जिल्हा 30 लाख, शहर 1 कोटी.

म्हणजे शहर इमारत बांधत नाही, खड्डा भरतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत की पुढचं सगळं उलगडतं. ‘सगळ्यात गरजू कोण’ हा प्रश्न अर्ज तपासणाऱ्याच्या टेबलावर पहिला नसतोच. पहिला प्रश्न असतो, ‘आम्ही इतके घातले तर हे उभं राहील का, आणि यापेक्षा कमी घालून भागेल का?’ केंद्राचा पैसा त्यात असेल तर हा दुसरा प्रश्न विचारणं शहरावर बंधनकारकच आहे. गरजेपेक्षा एक डॉलर जास्त द्यायचा नाही.

गंमत अशी की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत असतो. गणपतीची वर्गणी मागायला गेलं की माणूस आधी पावतीपुस्तकाची मागची पानं चाळतो ना, तसंच. राज्य विचारतं, शहराने किती दिले? टॅक्स क्रेडिट विकत घेणारा विचारतो, राज्याचं मंजुरीपत्र कुठे आहे? शहर विचारतं, बाकीचे कुठून आणणार ते दाखवा. शेवटी कुणाला तरी आधी सही करावी लागते, आणि बऱ्याचदा ती शहरच करतं. मात्र ते नुसतं सशर्त पत्र असतं. पैसा हलतो तो सगळ्यांच्या सह्या एकत्र होतात त्या दिवशी, आणि त्यानंतरही एकरकमी नाही. कंत्राटदाराचं दरमहा बिल, तपासनिसाची सही, काही टक्के अनामत कापून उरलेली रक्कम. तुमच्या आर. ए. बिलासारखंच हो, जेवढं काम झालं तेवढेच पैसे. तिथे मला परकं काही वाटलं नाही.

तुम्ही ‘अनुदान’ असा शब्द वापरलात. लोकही इथे तसंच बोलतात, पण कागदावर ते बहुतेक वेळा कर्ज असतं: व्याज शून्य किंवा एखादा टक्का, हप्ता नाही, वर्षाअखेर इमारतीकडे काही शिल्लक राहिली तर त्यातला हिस्सा द्यायचा. शिल्लक सहसा राहत नाही. मग सरळ अनुदानच का नाही? एक कारण टॅक्स क्रेडिटचं. केंद्राचा पैसा अनुदान म्हणून इमारतीत आला तर ज्या खर्चावर क्रेडिट मोजतात तो तेवढ्याने कमी होतो. कर्ज म्हणून आला तर होत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कर्ज असलं की शहराचा जमिनीवर बोजा चढतो. सातबाऱ्यावर चढवतात तसा तो नोंदला जातो आणि जमीन विकली तरी नव्या मालकाच्या मागे लागतो. टॅक्स क्रेडिटचं बंधन किमान 30 वर्षांचं. केंद्राच्या ‘होम’ नावाच्या कार्यक्रमाचं नव्या भाड्याच्या इमारतीला 20. सिएटल शहर 50 वर्षं मागतं. चौथा हिस्सा घालून सगळ्यात लांब साखळी शहराचीच. सौदा म्हणून मला तो चांगला वाटतो.

हा पैसा येतो कुठून, तेही सांगते. केंद्राकडून दोन नळ: 1974 पासूनचा सामुदायिक विकास निधी आणि 1990 च्या कायद्याने आलेला ‘होम’. शहरांना तो सूत्राने वाटला जातो, म्हणजे लोकसंख्या, गरिबी, जुनी घरं वगैरे मोजून. सिएटलचं मोठं पाणी मात्र स्वतःच्या विहिरीचं आहे. इथले मतदार 1981 पासून घरांसाठी स्वतःवर मालमत्ता कर लावून घेत आलेत. 2016 मध्ये 29 कोटी डॉलरचा प्रस्ताव मंजूर झाला, 2023 मध्ये 97 कोटींचा, दोन्ही सात-सात वर्षांसाठी. आपल्याकडे घरपट्टी वाढवायचा ठराव मतदानाला टाकला तर काय होईल, याची कल्पना करून मी एकटीच हसले. याशिवाय 2020 मध्ये शहराने मोठ्या कंपन्यांच्या गलेलठ्ठ पगारांवर कर बसवला. त्यातला मोठा भाग घरांसाठी राखायचा ठरला होता. पुढे अंदाजपत्रकात तूट दिसू लागली, तशी त्याच पैशातून दुसरी गळती बुजवायला सुरुवात झाली. राखीव निधी म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

‘होम’च्या पैशाला अटी इतक्या की काही संस्था त्याला हातच लावत नाहीत. शहराने तो करार करून ठरावीक प्रकल्पाला नेमून द्यायचा. नेमून दिल्यापासून चार वर्षांत इमारत पुरी व्हायची. किमान 15 टक्के हिस्सा स्थानिक सामाजिक गृहनिर्माण संस्थांसाठी राखायचा. मुदतीत नियम मोडले, म्हणजे ठरलेल्या उत्पन्नाच्या वरची माणसं भरली किंवा इमारत बंद पडली, तर शहराने केंद्राला पैसे स्वतःच्या तिजोरीतून परत करायचे. शहराचे अधिकारी एवढे कागद का मागतात, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. एखाद्या इमारतीत 12 किंवा जास्त घरं ‘होम’च्या पैशातली असली की केंद्राचे ठरलेले मजुरीदर लागू होतात. म्हणून अर्जांमध्ये 11 हा आकडा वारंवार दिसतो. नियम लिहिणाऱ्याने बाराव्या घरावर रेघ मारली आणि बाकीचे सगळे अकराव्यावर येऊन थांबले!

आणखी एक अट नवख्या संस्थांना हमखास नडते. केंद्राच्या पैशासाठी एकदा अर्ज केला की पर्यावरणाची तपासणी होऊन हिरवा कंदील मिळेपर्यंत जमीन खरेदी करायची नाही, जुनं बांधकाम पाडायचं नाही, अगदी स्वतःच्या पैशानेसुद्धा नाही. केलं तर केंद्राचा पैसा गेला. जमीनमालक कशाला थांबतो? म्हणून नाममात्र रक्कम देऊन खरेदीचा हक्क तेवढा राखून ठेवतात, आणि माती, आवाज, पूररेषा यांचे अहवाल येईपर्यंत त्याची मुदत वाढवत बसतात.

आता ‘काय बघून देतात’. काही शहरं गुणांचा तक्ता छापतात, काही नुसती प्राधान्यं लिहून देतात. मथळे सगळीकडे सारखेच: जागा हातात आहे का, परवानगी कुठवर आलीय, बाकीचे पैसे कुठून येणार, बस किंवा ट्रेन किती जवळ, संस्थेने आधी काय बांधलंय आणि ते नीट चाललंय का, किती घरं 30 टक्क्यांच्या रेघेखाली, आणि प्रत्येक घरामागे शहराचे किती पैसे.

यातल्या शेवटच्या मथळ्यावर माझा राग आहे. आमच्या तक्त्यात एक रकाना असतो: शहराची रक्कम भागिले घरांची संख्या. एका खोलीचं घर म्हणजे 1, आणि तीन बेडरूमचं, पाच माणसांचं घर म्हणजेही 1. त्याच मजल्यावर तीन बेडरूमचं एक घर काढायचं तर एका खोलीची दोन घरं जातात. भागाकारात छेद लहान होतो, आकडा फुगतो, आणि अर्ज महागडा दिसायला लागतो. मग वास्तुविशारद पुन्हा कागद पसरतो आणि मोठी घरं गाळतो. कुणी दुष्टपणा केलेला नसतो. पण त्या शहरात मुलंबाळं असलेल्या गरीब कुटुंबाला घर का मिळत नाही, याचं एक कारण त्या रकान्यात असतं. काही ठिकाणी आता घराऐवजी बेडरूममागे खर्च मोजतात. तेच बरोबर आहे.

तयारीच्या मथळ्याचंही असंच. नकाशे, मातीची तपासणी, जमिनीचं मूल्यांकन, वकील हे सगळं अर्जाआधीच लागतं, तेही पैसे मिळतील याची हमी नसताना. ज्यांच्याकडे आधीच चार इमारती आहेत त्यांना ते झेपतं. ज्या छोट्या संस्थेचा वस्तीत रोजचा राबता आहे, तिला झेपत नाही. त्यासाठी पूर्वतयारीचं छोटं कर्ज देणारी शहरं आहेत, पण ती रक्कम मूळ निधीपुढे किरकोळ असते.

बांधून झालं म्हणजे संपलं असंही नाही. 30 टक्क्यांच्या रेघेखालच्या घराचं भाडं लिफ्ट, विमा, सफाई, दुरुस्ती एवढ्यालाही पुरत नाही. त्यामुळे छाननीत पुढच्या 15-20 वर्षांचं उत्पन्न-खर्चाचं कोष्टक बघतात: भाडं दरवर्षी थोडं वाढेल, खर्च जरा जास्त, दोन्ही रेघा कुठल्या वर्षी एकमेकींना छेदतात. शहाणं शहर बांधकामाबरोबर चालवण्यासाठीही पैसे ठेवतं. सिएटलच्या निधीत तसा वेगळा भाग आहे.

आता ‘कोण खातं’. लबाडी कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. पण अर्ज आल्यावर शब्द टाकून काही साधायचं तर मध्ये इतके तपासणारे बसलेत (बँक, राज्य, गुंतवणूकदाराचा वकील, केंद्राचे ऑडिटर) की त्यात राम नाही. वजन टाकायचं ते दोन वर्षं आधी, नियम लिहिले जातात तेव्हा. मतदारांनी कर मंजूर केला की त्याच्या खर्चाचे नियम नगरसभा स्वतंत्र ठराव करून ठरवते. केंद्राच्या पैशासाठी दरवर्षी योजना मांडावी लागते, जाहीर सुनावण्या घ्याव्या लागतात, लोकांना हरकतींसाठी 30 दिवस द्यावे लागतात. अशा एका सुनावणीला मी गेले होते. प्रत्येकाला दोन मिनिटं, समोर उलटं चालणारं घड्याळ. बिल्डर संघटनेची माणसं तयार निवेदन घेऊन आली होती. व्हीलचेअरवरच्या एक बाई ‘सोयीस्कर घर’ या व्याख्येतल्या दरवाजाच्या रुंदीवर बोलल्या आणि घड्याळ संपायच्या आत थांबल्या. ज्यांना खरोखर घर हवं होतं ती माणसं मंगळवारी दुपारी कामावर असतात. खुर्च्या बऱ्याच रिकाम्या होत्या.

यापुढे हे आणखी तापणार आहे. टॅक्स क्रेडिटचा एक प्रकार मिळवायला पूर्वी खर्चाचे निम्मे पैसे करमुक्त रोख्यांतून उभे करावे लागत, आणि त्या रोख्यांचा कोटा राज्यागणिक ठरलेला आहे. जुलै 2025 च्या कायद्याने ही अट 2026 पासून 25 टक्क्यांवर आणली. तेवढ्याच रोख्यांत जवळजवळ दुप्पट इमारती बसतील. पण खड्डा प्रत्येकीला आहेच, आणि तो भरणारं शहर तेच. म्हणजे रांग लांबणार आणि निकष पुन्हा लिहिले जाणार. त्या भागाकाराच्या रकान्यावर माझी दोन मिनिटं मी आत्तापासून लिहून ठेवलीत.

तुमच्या काळात घरकुलाची यादी करताना पात्र माणसं जास्त आणि पैसे कमी असले तर आधी कुणाचं नाव घ्यायचं, याचा काही लेखी क्रम होता का? की ज्याचे कागद आधी पुरे झाले तो पुढे? आठवेल तसं लिहा, मला इथे मुद्दा मांडायला उपयोगी पडेल.

काकूंना नमस्कार सांगा. त्यांच्या गुडघ्याचं काय झालं तेही कळवा, मेलमध्ये तुम्ही ते सोडून बाकी सगळं लिहिलंत.

तुमची,
मंजिरी