भाषणासाठी पिस्तूलवाली नको, डॉक्टरीणबाई घे

रथमाइन्स, डब्लिन
22 फेब्रुवारी

प्रिय अंजू,

तुझा निरोप मिळाला. 8 मार्चला तुमच्या नवजात बालकांच्या विभागातल्या सिस्टर लोकांसमोर बोलायचंय आणि "तुमच्याकडची ती पिस्तूलवाली बाई" हवी आहे, तिच्यावर दोन पानं पाठव, असा हुकूम. ती कॉन्स्टन्स मार्कीव्हिच. जमीनदाराची लेक, पोलिश काउंटची बायको. इंग्रज सत्तेविरुद्धच्या 1916 च्या बंडात डब्लिनच्या भर बागेत खंदक खणून लढली. 1918 मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आलेली ती पहिली स्त्री, आणि निवडून येऊनही तिथं जाऊन बसली नाही ती नाहीच. थोर बाई, वादच नाही. पण तिच्यावर बोललीस तर सगळ्या टाळ्या वाजवतील आणि समोसा येईपर्यंत विसरतील. तिची मैत्रीण घे. डॉ. कॅथलीन लिन. तुझ्याच धंद्यातली आहे.

जन्म 1874 चा, पश्चिमेकडच्या मेयो परगण्यातला. वडील प्रोटेस्टंट धर्मगुरू, म्हणजे घर राजनिष्ठ, खाऊनपिऊन सुखी, इंग्लंडच्या राणीला मानणारं. मुलगी 1899 मध्ये डॉक्टर झाली. डब्लिनच्या ॲडलेड हॉस्पिटलमध्ये तिची निवासी डॉक्टर म्हणून निवड झाली, पण तिथल्या लोकांना बाई चालेना, म्हणून जागा गेली. (तुझ्या पहिल्या नोकरीतले ते सर्जन आठवले का? मला आठवले.) तिनं मग 1909 मध्ये शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेजची फेलोशिपच मिळवली आणि रथमाइन्सच्या बेल्ग्रेव्ह रोडवर, 9 नंबरच्या घरात, स्वतःचा दवाखाना थाटला. मी राहते तिथून ते घर चालत जाण्यासारखं आहे. मरेपर्यंत ती त्याच घरात राहिली.

ती राजकारणात शिरली ती एका पेशंटमुळे. हेलेना मोलोनी नावाची नटी आणि कामगार चळवळीतली कार्यकर्ती तिच्याकडे आजारी म्हणून येऊन राहिली. तासन्‌तास गप्पा झाल्या आणि बरी होऊन जाताना हेलेना डॉक्टरलाच राष्ट्रवादी करून गेली. पण माझ्या मते निम्मं काम आधीच झालं होतं. 1913 मध्ये मालकांनी केलेल्या टाळेबंदीत डब्लिनचे हजारो कामगार घरी बसले, तेव्हा लिबर्टी हॉलमधल्या अन्नछत्रात लिन राबली. एकेका खोलीत एकेक कुटुंब राहणाऱ्या त्या चाळी तिनं आतून पाहिल्या होत्या. तिथली पोरं कशानं मरतात ते तिला कुणी व्याख्यान देऊन सांगायची गरज नव्हती.

पुढे ती सिटिझन आर्मी या कामगारांच्या सशस्त्र संघटनेची मुख्य वैद्यकीय अधिकारी झाली, कॅप्टनच्या हुद्द्यानं. तिच्याकडे मोटार होती, आणि ही गोष्ट बंडवाल्यांच्या किती कामाची, ते तू समजशील. बंडाच्या आदल्या आठवड्यात ती मार्कीव्हिचबाईंना घेऊन बंडाचा एक पुढारी पॅट्रिक पिअर्स याच्या शाळेत नाटकाचं सामान पोचवायला गेली. येताना मोटारीत खाली काडतुसं, वर तेच नाटकाचे कपडे, आणि शेजारी पिअर्सचा धाकटा भाऊ. मोटार चालवणारी चाळिशी ओलांडलेली सभ्य डॉक्टरीणबाई. कोण अडवणार?

आता भाषणात हमखास रंगेल असा भाग. 24 एप्रिल 1916, ईस्टरचा सोमवार. लिन औषधं, बँडेजं घेऊन सिटी हॉलला पोचली. ही इमारत डब्लिन कॅसलला, म्हणजे इंग्रज सत्तेच्या मुख्य ठाण्याला अगदी खेटून. तिथली तुकडी जेमतेम तीस-पस्तीस जणांची, त्यातल्या काही बायका. प्रमुख शॉन कॉनली, अ‍ॅबी थिएटरचा नट. दुपारीच त्याला गच्चीवर गोळी लागली. लिन वाकून त्याच्यापाशी गेली, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हेलेनानं त्याच्या कानात प्रार्थना म्हटली. त्याचा पंधरा वर्षांचा भाऊ त्याच गच्चीवर लढत होता.

रात्री इंग्रज सैनिक खालून आत घुसले. अंधारात त्यांना या बायका दिसल्या आणि त्यांना वाटलं, बंडखोरांनी पकडून ठेवलेल्या गरीब बिचाऱ्या असणार! "त्यांनी तुम्हाला काही केलं का? वर किती जण आहेत?" जिनी शॅनहन नावाच्या पोरीनं डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "आम्हाला काही नाही केलं हो, पण वर शेकड्यांनी आहेत, मोठमोठ्या तोफा घेऊन." वर होती मूठभर पोरं. पण सैनिकांनी सकाळ होईपर्यंत गच्चीवर पाऊल टाकलं नाही. हेलेनानं पुढे हा किस्सा नोंदवून ठेवला म्हणून आपल्याला कळतो.

शरण जायची वेळ आली तेव्हा हुद्द्यानं सर्वांत वरिष्ठ होती लिन. समोरच्या अधिकाऱ्याला प्रश्न पडला की बाईची शरणागती घ्यायची तरी कशी? आणि चौकशीत तिनं स्वतःची ओळख सांगितली ती अशी: रेडक्रॉसची डॉक्टर आणि युद्धात सामील. दोन्ही एकाच दमात. रेडक्रॉसचं नाव सांगून ती अंग काढून घेऊ शकली असती. मला बाई आवडली ती इथे.

मग उवांनी भरलेली बराक, किलमेनम तुरुंग, इंग्लंडला हद्दपारी. घरच्यांनी बोल लावले, वडिलांशी तर कित्येक वर्षं तुटलं. ती त्या वर्षापासून रोजनिशी लिहायला लागली, ती 1955 पर्यंत.

परत आल्यावर 1918 मध्ये ती सरकारपासून फरारी होती आणि नेमकी इन्फ्लुएंझाच्या साथीत पकडली गेली. डब्लिनमध्ये माणसं पटापट मरत होती, डॉक्टर पुरत नव्हते. महापौर लॉरेन्स ओ'नील यांनी मध्यस्थी केली आणि सरकारनं आपल्या शत्रूला रुग्ण तपासण्यासाठी सोडलं. आयर्लंडमध्ये त्या साथीनं 20 हजारांहून जास्त माणसं नेली. शार्लेमाँट स्ट्रीटवर 37 नंबरचं एक पडकं घर होतं, तिथं तिनं लस टोचायचं केंद्र उघडलं.

आणि त्याच घरात 29 मे 1919 ला सेंट अल्टन्स सुरू झालं. फक्त तान्ह्या मुलांचं हॉस्पिटल. जवळ 70 पौंड आणि दोन पाळणे. सोबत मॅडलीन फ्रेंच-मलन, तिची जन्माची जोडीदारीण. बंडात स्टीफन्स ग्रीन या बागेत जखमींची व्यवस्था हिनं पाहिली होती, तुरुंगातही त्या बरोबर होत्या, आणि 1944 मध्ये मॅडलीन गेली तोपर्यंत बेल्ग्रेव्ह रोडवर एकत्र राहिल्या. त्या काळी डब्लिनमध्ये जन्मलेल्या हजारातली दीडशेच्या आसपास मुलं वर्षाची होण्याआधी जायची. जुलाब, कुपोषण, आणि युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांमुळे वाढेल अशी भीती असलेला उपदंश, म्हणजे सिफिलिस. या शेवटच्या रोगाचं नाव घ्यायलाही सभ्य लोक तयार नव्हते. लिननं 1918 मध्येच शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षातर्फे त्यावर पत्रक काढलं होतं. हॉस्पिटल चालवायच्या बायकाच, डॉक्टरही बायकाच. आयांना पोराला कसं पाजायचं, कसं स्वच्छ ठेवायचं हे शिकवणं हा उपचाराचाच भाग.

आता ही तुझ्यासाठी. तुमच्या विभागात रोज जो बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, टोचता, तो आयर्लंडमध्ये पहिल्यांदा दिला गेला 1937 मध्ये, सेंट अल्टन्सला. दिला डॉ. डोरोथी प्राइस यांनी. लस स्वीडनहून मागवलेली. कितीतरी मोठे डॉक्टर तेव्हा या लशीकडे संशयानं बघत होते. पुढे 1949 मध्ये देशभरातल्या बीसीजी मोहिमेचं कामही तिथूनच सुरू झालं.

एवढं सगळं सांगून तिची आरती ओवाळू नकोस मात्र. माझं तिच्याशी एक भांडण आहे. 1923 मध्ये ती आयरिश संसदेवर निवडून आली, पण इंग्लंडशी झालेला तह मान्य नाही म्हणून पक्षाच्या धोरणाप्रमाणे आत गेलीच नाही. देशात सार्वजनिक आरोग्य जिला सर्वांत जास्त कळतं, ती बाई नव्या सरकारच्या दाराबाहेर उभी! तत्त्व वगैरे ठीक आहे, पण मला हा हट्टीपणा वाटतो. चाळीतल्या पोरांना त्याचा काय उपयोग झाला? उलट रथमाइन्सच्या स्थानिक कौन्सिलवर 1920 ते 1930 बसून तिनं जे केलं ते जास्त कामाचं.

अर्थात, आत गेली असती तरी कुणी ऐकलं नसतं, तेही खरंच. तिसाच्या दशकात सेंट अल्टन्स आणि दुसरं एक बालरुग्णालय एकत्र करून मोठं हॉस्पिटल बांधायचं ठरत होतं. डब्लिनचे कॅथलिक आर्चबिशप बर्न यांनी विरोध केला. प्रोटेस्टंट डॉक्टरांच्या हाती कॅथलिक मुलं जाणार ही भीती. योजना बारगळली. ज्या देशासाठी तिनं माहेर तोडलं, त्याच देशानं तिचा धर्म काढला. रडत बसली नाही. सेंट अल्टन्स चालवत राहिली, ऐंशीच्या घरात पोचेपर्यंत मुलं तपासत राहिली.

14 सप्टेंबर 1955 ला गेली. लष्करी मानवंदना मिळाली. ग्लेनमलूर नावाच्या दरीत तिचं एक छोटंसं घर होतं, ते ती तरुण भटक्यांच्या वसतिगृहासाठी ठेवून गेली. अजून चालू आहे, वीज नाही म्हणतात. तू येशील तेव्हा तिथं जाऊ, पण उन्हाळ्यात, तुझं ते सर्दीचं प्रकरण आहे म्हणून.

भाषण पंधरा मिनिटांचं असेल तर 1913 गाळ, संसदेचं गाळ, जिनीचा किस्सा ठेव. आणि बीसीजीपाशी थांब, म्हणजे सिस्टर लोक प्रश्न विचारतील. काय काय विचारलं ते मला लगेच कळव. आईंच्या गुडघ्याचं काय ठरलं? त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस.

तुझी,
मीनल