टॅक्सीच्या दरपत्रकात आमचीही एक ओळ छापा

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कामासाठी स्वतःची गाडी वापरणाऱ्या नोकरदारांचा किलोमीटरमागचा खर्च

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

मी डायलिसिसची मशीन दुरुस्त करतो. राहायला मुलुंड पूर्वेला, ऑफिस अंधेरीला आणि काम कुलाब्यापासून ठाण्यापर्यंत जिथे मशीन बंद पडेल तिथे. कंपनीने गाडी दिलेली नाही. नेमणुकीच्या पत्रात ‘स्वतःचे वाहन आवश्यक’ अशी एक ओळ होती. खरं सांगायचं तर तेव्हा ती वाचून मला बरंच वाटलं होतं, कारण गाडी घ्यायला घरात निमित्त हवंच होतं. २०२० साली कर्ज काढून ६ लाख ४० हजारांची छोटी पेट्रोल गाडी घेतली. कंपनी किलोमीटरमागे ९ रुपये देते. हा दर २०१९ च्या पॉलिसीतला. तेव्हा मुंबईत पेट्रोल ८० च्या आसपास होतं. मे २०२१ मध्ये ते शंभरी पार गेलं. दर आहे तिथेच आहे.

लोकलने का जात नाही, हे आमच्या अकाउंट्सवाल्यांनीही विचारून झालंय. जातो की. नुसतं सेटिंग बघायचं असेल तर मुलुंडहून दादर गाठायला लोकलसारखं दुसरं काही नाही. पण टूलबॅग, सुटा पंप आणि दोन बोर्डं घेऊन सकाळी साडेआठच्या फास्टमध्ये चढून दाखवावं कुणीतरी. शिवाय मशीन रात्री दीडलाही बंद पडतं, आणि पहाटे चारच्या शिफ्टला त्यावर पेशंट असतो. त्या वेळी लोकल झोपलेली असते.

महिन्याच्या २४ तारखेची रात्र आमच्याकडे क्लेमची रात्र. जेवणं झाली की मी खाली पार्किंगमध्ये जातो, गाडीची चावी अर्धी फिरवतो आणि मीटरचा फोटो काढतो. काचेवर मोबाइलचाच उजेड पडतो आणि आकडा पुसट येतो, म्हणून दोन-तीनदा. मग वर येऊन डायनिंग टेबलावर पावत्यांची पिशवी उलटी करायची. पे अँड पार्कच्या यंत्रातून निघालेली पावती महिनाभर डॅशबोर्डवर उन्हात राहिली की करपते. मे महिन्यात तर निम्म्या पावत्या काळ्याकुट्ट. मुलगी विचारते, बाबा, ह्यावर काय लिहिलंय? मी सांगतो, चाळीस रुपये लिहिलेत. अकाउंट्सला असं सांगून चालत नाही.

अकाउंट्स बसतं पुण्यात. त्यांच्याकडे एक तक्ता आहे : कुठल्या हॉस्पिटलपासून कुठलं हॉस्पिटल किती किलोमीटर. कुणीतरी एकदा नकाशावर मोजून केलेला. त्यात परळहून प्रभादेवी २.१ किलोमीटर आहे, कारण तो तक्ता झाला तेव्हा मधे एल्फिन्स्टनचा पूल होता. १२ सप्टेंबर २०२५ ला तो शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी बंद झाला. तेव्हापासून आम्ही एक तर दादरच्या टिळक पुलावरून जातो, नाहीतर करी रोडवरून. करी रोडचा पूल सकाळी एका दिशेने, दुपारनंतर उलट दिशेने. म्हणजे तोच कॉल, तीच दोन हॉस्पिटलं, पण सकाळी गेलो तर मीटरवर पावणेपाच पडतात आणि संध्याकाळी परतताना साडेपाचच्या वर. पुण्याहून मेल येतो : ‘किलोमीटर तक्त्याप्रमाणे नाहीत, खुलासा करावा.’ एकदा मी खुलाशात पूल पाडल्याच्या बातमीचं कात्रण जोडलं. क्लेम पास झाला, पण २.१ नेच. तक्ता बदलायला ‘वरून’ यावं लागतं म्हणे.

घरून थेट पहिल्या कॉलला गेलं तर ते किलोमीटर धरतच नाहीत. ते घर ते ऑफिस समजतात. मी अंधेरीला गेलेलोच नसतो, तरी.

आता हिशेब. ह्या गाडीची एक वही मी पहिल्या दिवसापासून ठेवलीय. मीटर आज ८८,००० वर आहे. शहरातल्या रहदारीत गाडी लिटरला १५ देते, म्हणजे पेट्रोलचेच ६ रुपये ९० पैसे. सर्व्हिसिंग, टायर, दोन बॅटऱ्या, एक क्लच आणि विम्याचे हप्ते मिळून आतापर्यंत १ लाख ७६ हजार गेले : किलोमीटरमागे २ रुपये. परवा एका जुन्या गाड्यांच्या डीलरला सहज विचारलं तर तो ३ लाख १० हजार म्हणाला. म्हणजे गाडीची किंमत ३ लाख ३० हजारांनी उतरली, किलोमीटरला पावणेचार. बेरीज १२ रुपये ६५ पैसे. कर्जाचं व्याज ह्यात नाही, ते मी माझ्या हौसेचं धरतो. महिन्याला कंपनीसाठी सरासरी १,०५० किलोमीटर होतात. दर किलोमीटरला ३ रुपये ६५ पैसे मी कंपनीला देतो, म्हणजे महिन्याला ३,८०० च्या वर. एवढ्या मोठ्या कंपनीला मी दरमहा हातभार लावतोय हे माझ्या साहेबांनाही ठाऊक नाही. त्यांना कंपनीची गाडी आहे.

हे पत्र वित्त किंवा कामगार खात्याला न लिहिता आपल्याला का, तर ही बेरीज आपल्या खात्याकडे तयार आहे. रिक्षा-टॅक्सीचं भाडं ठरवायला आधी हकीम समिती झाली, मग खटुआ समिती. गाडीची किंमत, घसारा, देखभाल, विमा, इंधन असं सगळं मांडून एक किलोमीटर चालायला किती लागतं ते काढायची रीत त्यांनी घालून दिली. त्यावरून मुंबई महानगर प्रदेश वाहतूक प्राधिकरण भाडं ठरवतं. २०१९ मध्ये काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलं की २२ रुपये पडायचे. २०२१ मध्ये २५ झाले, २०२२ मध्ये २८, आणि १ फेब्रुवारी २०२५ पासून ३१. पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. तेवढ्या काळात टॅक्सीचं किमान भाडंच ९ रुपयांनी वाढलं, आणि माझा अख्खा दरच ९ रुपये.

मला टॅक्सीचा दर नकोय. त्यात चालकाचं पोट आहे, ते माझ्या पगारात येतं. ते वजा करा. टॅक्सी सीएनजीवर धावते, माझी पेट्रोलवर. तोही फरक धरा. जे उरेल तो आकडा काढून भाडेवाढीच्या त्याच आदेशात खाली दोन ओळी वाढवा : खाजगी मोटार, किलोमीटरमागचा खर्च इतका. खाजगी दुचाकी, इतका. बस. कुठल्या कंपनीवर सक्ती करा असंही आज म्हणत नाही. आमच्या अकाउंट्सला माणसाचं ऐकू येत नसलं तरी परिपत्रक स्वच्छ ऐकू येतं.

दुचाकीची ओळ तर आधी छापा. आमच्या टीममध्ये गाडीवाले आम्ही तिघं, बाकी पोरं बाइकवर. त्यांना किलोमीटरला साडेतीन. गेल्या जुलैत आमच्यातला एक जण हिंदमाताजवळ पाण्यात बाइक ढकलत होता, पाठीवर टूलबॅग, बोर्डाचं खोकं रेनकोटात गुंडाळून पोटाशी. बोर्ड कोरडा पोचला. बाइकचं इंजिन उघडावं लागलं. ते बिल ‘वाहनधारकाची जबाबदारी’ म्हणून परत आलं. बोर्ड भिजला असता तर जबाबदारी कुणाची ठरली असती, हे त्याने विचारलं नाही. नोकरीला आठच महिने झाले होते.

सरकारला ही गोष्ट कळत नाही असं नाही. केंद्राने १३ जुलै २०१७ च्या आदेशात आपल्या कर्मचाऱ्यांसाठी, परिवहन खात्याचा दर ठरलेला नसेल तिथे, स्वतःच्या मोटारीला किलोमीटरमागे २४ आणि स्कूटरला १२ रुपये दिले. वर लिहिलं की महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हा दर आपोआप २५ टक्क्यांनी वाढेल. ‘आपोआप’ हा शब्द माझ्या पॉलिसीत कुठेच सापडला नाही. अमेरिकेचं कर खाते दरवर्षी मैलाचा दर जाहीर करतं, २०२४ साठी ६७ सेंट, २०२५ साठी ७०. ब्रिटनने २०११ मध्ये पहिल्या १०,००० मैलांना ४५ पेन्स ठरवले आणि दहा वर्षांहून जास्त काळ त्याला हात लावला नाही. तेव्हा दर काढायचाच तर तो भाड्याबरोबर हलला पाहिजे, नाहीतर आणखी एक २०१९ होईल.

प्राप्तिकर आपल्या हातात नाही, पण दिल्लीला कळवता येईल. स्वतःच्या १६०० सीसीपर्यंतच्या गाडीचा घर आणि काम असा मिळून खर्च कंपनीने दिला, तर त्यातले महिन्याला १,८०० रुपये कामाचे म्हणून करातून सोडायचे, हा आकडा २००९ साली ठरला आणि दीड दशक तसाच राहिला. त्याहून जास्त दाखवायचं तर प्रत्येक फेरीची तारीख, ठिकाण, किलोमीटर, खर्च आणि वर कंपनीचा दाखला. वही ठेवायला माझी हरकत नाही, ती आहेच. दाखला मागितला की एचआर म्हणतं, ह्याचा नमुना आमच्याकडे नाही.

विम्याचंही एक सांगून टाकतो. खाजगी मोटारीच्या पॉलिसीत माल वाहणं बसत नाही, अपवाद फक्त नमुने आणि स्वतःचं सामान. माझ्या डिकीतला पंप ह्यातलं नेमकं काय? नमुना तो नाही, आणि माझं सामान म्हणावं तर त्यावर कंपनीचा स्टिकर. कुठे ठोकेपर्यंत हा प्रश्न काढायचा नाही, असं आम्ही आपापसात ठरवून टाकलंय.

एका गोष्टीचे आभार मात्र मनापासून. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच नाक्यांवरचा छोट्या गाड्यांचा टोल सरकारने बंद केला. ठाण्याच्या कॉलला आनंदनगर नाक्यावर जाणारे ४५ रुपये वाचले, आणि त्याहून मोठं म्हणजे क्लेममधली एक ओळ आणि तिच्यावरचा वाद वाचला. कंपनीच्या क्लेमच्या फॉर्मात टोलचा रकाना अजून आहे. त्यात दर महिन्याला शून्य लिहावं लागतं, कोरा सोडला तर फॉर्म पुढे जात नाही.

वही पाहिजे असेल तर घेऊन येतो. मंत्रालयात दुपारी दोननंतर सामान्यांना सोडतात तेव्हा आलो तरी चालेल, फक्त त्या दिवशी कुठलं मशीन बंद पडायला नको. काही पानांवर ग्रीसचे डाग आहेत, आकडे वाचता येतात. मुलुंडहून मंत्रालयापर्यंत यायचे किलोमीटर मी लावणार नाही. त्या दिवशी लोकलने येईन.

आपला,
एक सर्व्हिस इंजिनिअर
मुलुंड पूर्व, मुंबई