वाटाड्या लागत नाही म्हणे!

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला सह्याद्रीतल्या घनचक्कर डोंगरावरचा लेख वाचला. 'वाट सोपी आहे, मोबाईलवर ट्रॅक टाका, वाटाड्याची गरज नाही' हे लिहिणाऱ्याचं अभिनंदन. छायाचित्र निवडणाऱ्याचंही करायला हवं. त्यात माथ्यावर देऊळ आहे आणि खाली लोखंडी शिडीवर माणसांची रांग. अहो, ते कळसूबाई आहे! घनचक्करचा माथा म्हणजे लांबलचक गवताळ पठार. रांग लावायला तिथे माणसं कुठून आणणार?

पायथ्याच्या शिरपुंजे गावाहून भैरवगडाच्या खिंडीपर्यंत वाट मळलेली आहे, कारण गावाचा देव गडावर आहे. खरी गंमत त्याच्यापुढे. पावसाळा सरता सरता आम्ही गेलो होतो. गवत कमरेच्या वर, त्यात धुकं. ढोरवाटा इतक्या फुटतात की प्रत्येक वाट आपलीच वाटते. आमचा उत्साही भाचा मोबाईल पुढे धरून 'सरळच आहे' म्हणत निघाला, तर सोबतच्या गावकरी मामांनी मागून त्याची सॅक धरली. बोलले काहीच नाहीत. कोयत्याने समोरची कारवी सारली, तर हातभर पुढे कडा तुटलेला. मोबाईलवर आम्ही अजून बरोब्बर रेषेवर होतो! मामा थोडे मागे आले, शेण कुठे पडलंय ते पाहिलं आणि डावीकडची वाट धरली.

ह्या माणसाची दिवसाची मजुरी वाचवायचा सल्ला आपला लेख देतो. पुण्या-मुंबईहून यायला डिझेल कितीही जळो! पाण्याबद्दल तर अवाक्षर नाही. ते भैरवगडाच्या टाक्यांतून भरून घ्यायचं असतं, हे शिरपुंज्यातल्या शाळकरी पोरानेही सांगितलं असतं. दीड हजार मीटरहून उंच डोंगर आहे तो, पर्वती नव्हे. आणि 'माणसाचं पाऊल न लागलेलं शिखर' म्हणजे काय? गुरं काय हेलिकॉप्टरने चरायला जातात?

चुकीच्या छायाचित्राची दुरुस्ती छापालच. 'वाटाड्या घ्या' हे दोन शब्दही त्याच चौकटीत, त्याच आकारात छापावेत, ही विनंती.

 

आपला,
एक जुना वर्गणीदार, नाशिक