भाषा जन्मताना पाहिली गेली आहे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला भाषेच्या उगमावरचा लेख आवडीने वाचला. पण ‘भाषा जन्मताना पाहायला कोणीच नव्हते, म्हणून सगळे अंदाज’ हा त्याचा सूर पटला नाही. आपल्याच हयातीत, मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात, कर्णबधिर मुलांची एक खुणांची भाषा जन्मली आणि अभ्यासकांनी ती वाढताना पाहिली.

१९७० च्या दशकापर्यंत तिथली कर्णबधिर मुले बहुतेक घरातच वाढत. घरच्यांपुरत्या चार खुणा, एवढाच त्यांचा व्यवहार. १९७७ मध्ये राजधानी मानाग्वात त्यांच्यासाठी शाळा निघाली, १९७९ च्या राज्यक्रांतीनंतर आणखी एक, आणि १९८३ पर्यंत दोन्हींत मिळून चारशेहून अधिक मुले जमली. वर्गात ओठ वाचायला आणि स्पॅनिश बोलायला शिकवत. ते फारसे कोणाला साधले नाही. मैदानात आणि शाळेच्या बसमध्ये मात्र मुलांनी आपापल्या घरच्या खुणा एकमेकांत मिसळल्या. मुले आपसात काय बोलतात हे शिक्षकांना कळेना, तेव्हा १९८६ मध्ये अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जूडी केगल यांना बोलावण्यात आले.

या भाषेला बांधेसूद केले ते नंतर आलेल्या चिमुरड्यांनी. या भाषेच्या अभ्यासक अ‍ॅन सेंगास आणि सहकाऱ्यांचे संशोधन २००४ मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आले. उतारावरून काहीतरी गडगडत जाते हे दाखवताना ऐकू येणारी माणसे हाताच्या एकाच हालचालीत गडगडणे आणि उतरणे दोन्ही दाखवतात. पहिल्या तुकडीतली मुलेही बरेचदा तसेच करत. धाकट्यांनी त्याचे दोन भाग केले: आधी गडगडणे, मग खाली जाणे. चित्र म्हणून हे कमी हुबेहूब आहे, पण सुटे केलेले भाग हव्या त्या वाक्यात पुन्हा जोडता येतात. व्याकरण म्हणतात ते हेच, आणि ते मोठ्यांनी शिकवलेले नव्हते. पहिल्या तुकडीची माणसे मोठेपणीही जुन्याच पद्धतीने खुणा करत राहिली. म्हणजे भाषा घडायला लहान वय हवे आणि सोबत्यांचा घोळकाही हवा.

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवले आहे, म्हणून हे फार जवळचे वाटते. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान इथे भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणा हद्दपार करण्याचा ठराव केला. ‘खुणा करू दिल्या तर मूल बोलणार नाही’ ही भीती आपल्याकडच्या पालकांच्या मनात अजून आहे. श्रवणयंत्र जरूर लावावे, कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचे श्रवणसाधन) शक्य असेल तर करावे. पण त्याचे फळ मिळेपर्यंतची वर्षे भाषेवाचून का जावीत? बहुतेक कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. त्यामुळे या मुलांना घरात आयती भाषा मिळत नाही.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात भारतीय सांकेतिक भाषेचा उल्लेख आहे. तो चांगलाच, पण शाळेत नाव घालेपर्यंत पहिली पाच वर्षे गेलेली असतात. गावात एखादेच असे मूल असते आणि अंगणवाडीत ते एकटे बसते. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एकदा तरी या लहानग्यांना पालकांसह एकत्र आणावे, आणि खुणांची भाषा सराईतपणे वापरणारी कर्णबधिर प्रौढ माणसे मानधन देऊन तिथे नेमावीत. जिल्हा परिषदांनी हे मनावर घ्यावे, आणि आपण या विषयावर अशा पालकांना लिहिते करावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सांगली