चिलटाच्या मेंदूविषयी सुधाकरला

दांडिया बाजार, वडोदरा
१४ जुलै २०२५

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र शुक्रवारी मिळाले. त्याच दिवशी उत्तर लिहिले असते तर ते रागाच्या भरात लिहिले गेले असते, म्हणून तीन दिवस थांबलो. निखिलने बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात फळमाशीच्या, म्हणजे पिकल्या फळांवर घोंघावणाऱ्या चिलटाच्या, मेंदूवर संशोधन करायचे ठरवले, याचे तुला किती वाईट वाटले आहे ते मला कळते. "ज्याच्या आईला कॅन्सरने नेले, त्याने पाच वर्षे माशा मारत बसायचे का?" हे तुझे वाक्य माझ्या मनातून जात नाही. परंतु मी सारा जन्म प्राणिशास्त्र शिकवण्यात घालवला आहे आणि निखिल मला काका म्हणतो, त्यामुळे या बाबतीत गप्प राहणे मला जमणार नाही.

आधी वहिनींविषयी लिहितो, कारण तुझ्या पत्रात माशांपेक्षा त्याच अधिक आहेत. तू लिहितोस की, पेशींची ती नवी उपचारपद्धती तुला वेळेवर कळली असती, तर घर विकून तू त्यांना परदेशी नेले असतेस. सुधाकर, वहिनी ऑक्टोबर २०१६ मध्ये गेल्या. रुग्णाच्याच रक्तातील टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढून, त्यांत नवे जनुक घालून, कॅन्सरच्या पेशी ओळखायला शिकवून त्या परत शरीरात सोडण्याच्या या पद्धतीला, म्हणजे कार-टी उपचाराला, अमेरिकेत पहिली मान्यता मिळाली ती ऑगस्ट २०१७ मध्ये, आणि तीही मुलांच्या व तरुणांच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी. वहिनींना होता त्या लिम्फोमासाठी, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कॅन्सरसाठी, ती मिळायला त्या वर्षीचा ऑक्टोबर उजाडला. वहिनी आजारी असताना हा उपचार चाचण्यांपलीकडे जगात कुठेही मिळत नव्हता. मुंबईची आय. आय. टी. आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तयार केलेल्या नेक्सकार१९ या आपल्या देशातील उपचाराला मान्यता मिळाली ऑक्टोबर २०२३ मध्ये. अमेरिकेत सुरुवातीला नुसत्या औषधाची किंमत पावणेपाच लाख डॉलर होती, आपल्याकडे हा उपचार चाळीस लाख रुपयांच्या आसपास होतो. आपल्यासारख्यांना हीही रक्कम डोंगराएवढीच आहे. पण तू जो दोष नऊ वर्षे स्वतःच्या माथी घेऊन बसला आहेस, तो तुझा नाही.

आता माशांकडे येतो.

तुला आठवत असेल, १९८४ साली मी एम. एस्सी. करत होतो, तेव्हा खंडेराव मार्केटातून अति पिकलेली केळी आणायला तू माझ्याबरोबर येत असस. रवा, गूळ, यीस्ट आणि अगर यांची खळ शिजवून आम्ही दुधाच्या बाटल्यांत ओतायचो, तोंडाला कापसाचा बोळा लावायचो आणि त्यात ही चिलटे वाढवायचो. मोजणीच्या वेळी त्यांना ईथरने बेशुद्ध करावे लागे. या ईथरमुळेच फार पूर्वी एक विलक्षण वाण संशोधकांच्या नजरेस आला होता. इतर माश्या ईथर लागताच निपचित पडत, या वाणाच्या माश्यांचे पाय मात्र बेशुद्धीतही थरथरत राहत. त्या वाणाला शेकर हे नाव पडले. पाय का थरथरतात, एवढाच प्रश्न होता. त्याचा पाठपुरावा करता करता १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोत लिली जान आणि यू नंग जान यांच्या प्रयोगशाळेने ते जनुक वेगळे काढले, तेव्हा कळले की ते चेतापेशीच्या पटलातील पोटॅशियमची एक मार्गिका घडवते. चेतापेशीतून विजेचा संदेश जाऊन गेला की ही मार्गिका उघडते, पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशी पुन्हा शांत होते. ती बिघडली की पेशी शांत होत नाही आणि पाय थरथरत राहतो.

आता जे लिहितो ते सावकाश वाच. याच शेकरच्या कुळातील एक मार्गिका माणसाच्या टी पेशींत आहे. तिला केव्ही १.३ म्हणतात. टी पेशीला शत्रू दिसला की तिच्यात कॅल्शियमचा लोंढा आत यावा लागतो, त्याशिवाय ती कामाला लागत नाही. कॅल्शियम आत येत राहावे म्हणून पोटॅशियमला बाहेर वाट द्यावी लागते, आणि ती वाट ही मार्गिका देते. ज्या वर्षी वहिनी गेल्या त्याच वर्षी, २०१६ मध्ये, अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की, गाठीच्या आत मरून फुटणाऱ्या पेशींमधून पोटॅशियम सांडते, भोवतालच्या द्रवात त्याचे प्रमाण वाढते आणि तिथवर पोहोचलेल्या टी पेशी त्यामुळे मंदावतात. मग त्यांनी टी पेशींत केव्ही १.३ अधिक प्रमाणात तयार होईल अशी व्यवस्था केली. पोटॅशियम बाहेर टाकता येऊ लागताच त्या पेशी पुन्हा लढू लागल्या आणि त्वचेच्या कॅन्सरचे उंदीर अधिक दिवस जगले. हे काम उंदरांवरचे आहे. त्यातून उद्या औषध निघेल असे मी म्हणत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, चिलटाचा पाय का थरथरतो हे विचारणाऱ्या माणसाच्या डोक्यात कॅन्सर नव्हता, आणि तरीही गाठीत शिरलेली टी पेशी का थकते या प्रश्नापर्यंत ती वाट येऊन मिळाली.

असे एकदाच घडले असते तर मी त्याला योगायोग म्हणालो असतो. टोल नावाच्या जनुकाची हकिकत तर मी वर्गात दरवर्षी सांगत असे. जर्मनीत क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड माशीच्या गर्भाची पाठ आणि पोट कसे ठरते ते शोधत होत्या, त्यात हे जनुक सापडले. स्ट्रासबुर्गला जूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने १९९६ साली दाखवून दिले की, हे जनुक बिघडलेली माशी साध्या बुरशीने मरते, म्हणजे तिची प्रतिकारशक्तीच त्यावर उभी आहे. दोनच वर्षांत माणसात आणि उंदरात टोलची भावंडे सापडली. आपल्या शरीरात परक्या जंतूची पहिली वर्दी हीच देतात. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये बीसीजीची लस आत सोडतात हे तू ऐकले असशील. लहानपणी आपल्या दंडावर टोचली तीच ही लस. ती १९७६ पासून या कामी वापरली जात होती, परंतु ती प्रतिकारशक्तीला जागे कसे करते याचा एक महत्त्वाचा धागा पुढे टोलच्या या भावंडांतून हाती आला. हॉफमन यांना २०११ साली नोबेल मिळाले. त्यांच्याबरोबरच्या मानकऱ्यांत राल्फ स्टाइनमन होते. त्यांनी शोधलेल्या डेंड्रिटिक पेशी टी पेशींना शत्रू दाखवून देतात. स्वतःला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाल्यावर त्यांनी याच पेशींवर आधारलेले उपचार स्वतःवर करून पाहिले, आणि पारितोषिक जाहीर होण्याच्या तीनच दिवस आधी ते गेले. ही गोष्ट सांगताना वर्गात माझा आवाज दर वर्षी जड होत असे.

निखिल नेमके काय करणार आहे ते त्याने मला फोनवर सविस्तर सांगितले. एखादा वास शिक्षेशी जोडला गेला की माशी तो टाळायला शिकते. ही आठवण तिच्या मेंदूत कुठे आणि कशी साठते, हा त्याचा विषय. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. खसखशीच्या दाण्याएवढ्या त्या मेंदूत १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यातील पाच कोटींहून अधिक सांधे मोजले गेले आहेत. आमच्या वेळी आम्ही डोळ्यांचे रंग आणि पंखांचे आकार मोजत होतो. ही पोरे एकेका पेशीचा पत्ता घेऊन कामाला बसणार आहेत. शिवाय तो जिथे जातो आहे, तिथे या विषयाची परंपरा आपली स्वतःची आहे. ओबेद सिद्दिकी यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत माशीच्या वासाच्या जनुकांचे काम सुरू केले, वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी ते त्यांच्याबरोबर पुढे नेले, आणि बंगळूरचे केंद्र सिद्दिकींनीच उभे केले. उधारीच्या विषयावर काम करायला तो निघालेला नाही.

तुझ्या समाधानासाठी मी लिहू शकलो असतो की, कीटकांना कॅन्सरचा वास येतो. ते खरेही आहे: फ्रान्समध्ये मुंग्यांना साखरेच्या पाण्याची लालूच दाखवून कॅन्सरच्या पेशींचा वास ओळखायला शिकवले गेले आणि त्या मोजक्या धड्यांत शिकल्या, हे २०२२ साली प्रसिद्ध झाले. पण हे सारे अजून प्रयोगशाळेतच आहे, आणि निखिलच्या कामाला अशा उपयोगाचा आधार देऊन मी तुला राजी केले, तर उद्या तू त्याला दर वर्षी विचारशील, "झाले का औषध?" हे ओझे पेलत कोणी नीट काम करू शकत नाही. त्याच्या पाच वर्षांतून माशी एक वास कसा लक्षात ठेवते याचा एक बारीकसा दुवा कळेल. कदाचित तेवढाच. मला तो पुरेसा वाटतो, आणि तुलाही तो पुरेसा वाटावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एक गोष्ट त्याने मला सांगितली आहे, तुला सांगायचे धाडस त्याला होत नाही. आईच्या तपासण्यांची ती जाड फाइल तू माळ्यावर ठेवली आहेस. ती त्याला हवी आहे. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि डॉक्टर बोलू लागले की त्याला खोलीबाहेर पाठवले जाई. आईच्या शरीरात काय चालले होते, हे त्याला आता कळेल, तेवढे तो शिकला आहे. तो एक ऑगस्टला रुजू होणार आहे. त्याआधी एखाद्या संध्याकाळी ती फाइल खाली काढ आणि त्याच्याजवळ बसून पहिल्या पानापासून त्याच्याकडून समजून घे. तुझ्या मनात नऊ वर्षे अडलेले पुष्कळ प्रश्न तो सोडवू शकेल असे मला वाटते. जिथे तो अडेल तिथे मला फोन करा, रात्री कितीही उशीर झाला तरी चालेल.

तुझा,
अनंत